कोल्गा पार करून देणारी

स्टाइनवरला मी फार जवळून ओळखत होतो, असं लोकांना वाटतं. तसं नव्हतं. तिच्या घरात मी कायम स्वयंपाकघरात बसलो. आत किती खोल्या आहेत हेसुद्धा मला सांगता येणार नाही. हिवाळ्यात ती काय वाचायची, देवाला मानायची की नाही, तरुणपणी तिला कुणी आवडलं होतं का, यातलं काही मला ठाऊक नाही. आमच्याकडे माणूस गेलं की शेजाऱ्यांनी वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल चार शब्द लिहायचे असतात. तिचा भाचा म्हणाला, "एविंदुर, तूच लिही." मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. तो म्हणाला, "तिलाही वाचायला आवडलं नसतं. लिही." म्हणून हे लिहितो आहे.

आता कोल्गा नदीवर पूल आहे. गाडीत बसलेल्या मुलांना नदी कधी आली आणि कधी गेली तेही कळत नाही. पूल नव्हता तेव्हा नदीच्या पश्चिमेला राहणाऱ्या आम्हा लोकांना दवाखाना, दुकान, सगळं पलीकडे होतं, आणि पलीकडे जायचं तर स्टाइनवरला हाक मारावी लागे. होल्ट हे तिचं घर आमच्याच बाजूला, अगदी काठावर. कोल्गा वरच्या बर्फाखालून निघते आणि वाळूत वेगवेगळ्या प्रवाहांनी पसरते. आज जिथे पार जायला उतार आहे तिथे उद्या कमरेएवढा खड्डा. तिचे वडील लोकांना पार नेत असत, नंतर ती नेऊ लागली. उंच, हाडकुळी बाई, नाकात तपकीर, डोक्यावर वडिलांची टोपी.

आणि तिचा मोल्डी. मातीच्या रंगाचा, ठेंगणा, जाड आयाळीचा घोडा. तो गवताचे भारे ओढायचा, शरदात डोंगरावरून मेंढ्या खाली आणायचा, चर्चला जाणाऱ्या पोरांना तिघातिघांना पाठीवर घ्यायचा. माझ्या सासऱ्यांची शवपेटीही त्यानेच पार नेली. पोरं त्याच्या पोटाखालून रांगत जायची आणि तो पाय उचलायच्या आधी मान वळवून खाली बघायचा. स्टाइनवर माणसांशी तुटक बोलायची. मोल्डीशी मात्र हळू, लांबच लांब काहीतरी बोलत राहायची. आपण जवळ गेलो की थांबायची.

त्याची चाल सांगायला हवी. आमच्या घोड्यांना एक जास्तीची चाल येते, तिला टॉल्ट म्हणतात. चारही पाय एकामागून एक पडतात, एक तरी पाय सतत जमिनीवर असतो, त्यामुळे घोडा कितीही वेगात असला तरी पाठ उसळत नाही. टॉल्ट पुष्कळ घोड्यांना येतो. मोल्डीसारखा मी दुसरा पाहिला नाही.

पाण्यात उतरलं की एकच नियम: पाण्याकडे बघायचं नाही. वाहत्या पाण्याकडे बघितलं की आपणच आडवे घसरतोय असं वाटतं, माणूस नकळत तोल सावरायला जातो आणि पडतो. कोल्गेत पडलेली माणसं क्वचितच सापडली. माणसांची नजर वर ठेवायला स्टाइनवरची एक रीत होती. ती वंशावळ विचारायची. "तुझ्या आजीची आई कोण? कुठल्या घरची? तिचा नवरा?" आणि उत्तर चुकलं की ओरडायची. पाणी रिकिबीला लागलेलं असायचं आणि बडे व्यापारी घाबरेघुबरे होऊन पणज्यांची नावं आठवत पलीकडे पोचायचे.

मला त्या नदीची भीती वाटायची. अजून वाटते. पुलावरून जातानासुद्धा माझे पाय गार पडतात.

पूल व्हायच्या आधी एका वर्षी, मेंढ्या खाली आणून झाल्यावर एका सकाळी माझी बायको आल्डिस पोट धरून स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी डॉक्टरांना फोन लावला. तेव्हा सगळ्या खोऱ्याची एकच तार होती, घंटा वाजली की घराघरांतून लोक ऐकायचे. डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स दिसतंय. आजच आणा. विमान मागवलं असतं, पण धुकं आहे. आणि एविंदुर, तिला हादरे बसू देऊ नका. आत फुटलं तर मग मी काही करू शकणार नाही."

मी म्हटलं, "पण नदी..."

तारेवर दुसराच आवाज आला. "मी मोल्डीला घेऊन निघाले. तू तिला लोकरीचे कपडे घाल आणि पाणी गरम करत बसू नकोस, बाळंत नाही होतेय ती."

"स्टाइनवर? तू ऐकत होतीस?"

"सगळेच ऐकतायत. ठेवा रे आता फोन सगळ्यांनी!"

ती तिच्या घोडीवर बसून, मोल्डीला सोबत घेऊन आली. आल्डिसला आम्ही दोघांनी उचलून मोल्डीवर बसवलं. तो हलला नाही, कानही नाही. नदीपर्यंत लाव्हाच्या खडकांतून वाट आहे. तिथे जीपमध्ये माणसाचे दात वाजतात. मोल्डी त्या वाटेने असा गेला की आल्डिस एकदाही ओरडली नाही. मी माझ्या तांबड्या घोड्यावर मागून, तिच्या पाठीकडे बघत. ती पाठ वाकेल, ती खाली पडेल, असं मला प्रत्येक वळणावर वाटत होतं.

काठावर स्टाइनवर थांबली. वास मलाही आला होता. सडक्या अंड्यांसारखा.

बर्फाखाली एक तळं आहे. ते काही वर्षांनी भरतं आणि फुटतं, आणि मग कोल्गा नदी राहत नाही. घराएवढे बर्फाचे तुकडे घेऊन ती सगळ्या वाळवंटावरून येते. फुटण्याआधी असा वास येतो. होल्टच्या दाराला म्हणून चांदीचा एक चमचा टांगलेला असायचा. त्या वासाने चांदी काळी पडते.

"चमचा?" मी विचारलं.

"सकाळी काळा होता."

"मग?"

"मग पाणी येणार. केव्हा, ते चमचा सांगत नाही." तिने चिमूटभर तपकीर ओढली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घोडी वळवून ती आल्डिसच्या शेजारी गेली. "ऐक पोरी. आत्ता उतरलो तर कदाचित पोचू. थांबलो आणि पाणी आलं, तर मग कितीतरी दिवस कुणी पार जाणार नाही. मध्ये असताना आलं तर तिघंही गेलो. तू सांग."

आल्डिसचे ओठ पांढरे पडले होते. "हा काय म्हणतो?" तिने माझ्याकडे मान वळवली.

"त्याला विचारलं तर तो विचार करत बसेल."

आल्डिस हसली. त्या हसण्याने तिला कळ आली, तिने मोल्डीची आयाळ मुठीत धरली. "चल," ती म्हणाली.

"लगाम सोडून दे. आयाळच धर. तो जाईल तिकडे जाऊ दे." मग मला, "तू वरच्या अंगाला राहा. पाणी तुझ्या घोड्यावर फुटू दे, तिच्यावर नको. आणि खाली बघितलंस तर मी तुला शोधायला येणार नाही."

पहिला प्रवाह गुडघ्याएवढा होता. पाणी नेहमीपेक्षा काळं आणि दाट, त्यात बर्फाचे बारीक तुकडे. दुसऱ्या प्रवाहात स्टाइनवरने सुरुवात केली. ती पुढे होती, पाठमोरी, पण आवाज खणखणीत.

"आल्डिस! आईची आई!"

"होल्मफ्रीदुर."

"कुठली?"

"ब्रेक्काची."

"तिचा बाप?"

"यॉन. मेंढीचोर."

"चोरीची मेंढी कुणाची होती?"

"तुझ्याच पणजोबांची, म्हणतात."

"तरीच आमच्याकडे मटण कमी!"

मी हसलो असेन. मला आठवत नाही. मला फक्त माझ्या मांडीला लागलेलं पाणी आठवतं, आणि तांबड्याच्या अंगातून येणारा कंप. तो घोड्याचा होता की माझा, कळत नव्हतं.

मग मोठा प्रवाह. पाणी मोल्डीच्या खोगिरापर्यंत चढलं. आणि त्या वेळी पायांखालून आवाज यायला लागला. कानांनी नाही, हाडांनी ऐकू यावा तसा. तळाचे दगड गडगडत होते, एकावर एक आपटत होते. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. स्टाइनवरच्या घोडीने कान वरच्या दिशेला वळवले.

आणि स्टाइनवर गप्प झाली.

ती पुढचं नाव विचारेल म्हणून मी वाट बघत होतो. तिने विचारलं नाही. ती ताठ बसली होती, टोपी सरळ, पण तिचा एक हात घोडीच्या मानेवर उगीचच फिरत होता, पुन्हा पुन्हा त्याच जागी. तिची घोडी थांबली. वाहत्या पाण्यात घोडं थांबलं की त्याच्या पायाखालची वाळू जाते. मला ओरडायचं होतं. पण तोवर माझी नजर खाली जायला लागली, ती मला थांबवता येईना. पाणी खालच्या अंगाला पळत होतं आणि आम्ही तिघं वर कुठेतरी, बर्फाकडे, ओढले जात होतो असं वाटलं.

"स्टाइनवर!" आल्डिस ओरडली. इतक्या कळा येत असताना एवढा आवाज तिने कुठून काढला, मला माहीत नाही. "आता तुझी पाळी! तुझ्या आईची आई कोण?"

स्टाइनवरचा हात तसाच घोडीच्या मानेवर फिरत राहिला.

"ऐकू येत नाही का? की तू जमिनीतून उगवलीस, बटाट्यासारखी?"

टोपी जरा हलली. "राग्नहेल्डुर," स्टाइनवर म्हणाली. इतक्या बारीक आवाजात की ती दुसरीच कुणी बाई वाटली.

"कुठली?"

"होव्हची."

"तिची आई?"

"गुद्नी. गुद्नी... बार्दुरची मुलगी."

"मोठ्याने! याला ऐकू येत नाहीये, हा पाण्याकडे बघतोय!"

"गुद्नी बार्दुरची मुलगी!" स्टाइनवर ओरडली आणि तिने घोडीला टाच मारली. मी मान वर केली. मोल्डी तेवढ्यात स्टाइनवरच्या घोडीच्या पुढे निघाला होता. तो नेहमीच्या उताराकडे गेला नाही, तिरका वरच्या बाजूला, पाण्याच्या तोंडावर गेला. स्टाइनवरने त्याला अडवलं नाही, ती त्याच्या मागे आली. पुढे तळ संपला आणि तो पोहायला लागला. त्याची पाठ आल्डिसखाली पाण्यात सपाट राहिली. मी गुद्नीची आई कोण ते ऐकत होतो, तिची आई कोण ते ऐकत होतो. मग तांबड्याच्या खुराला दगड लागला.

पलीकडे रस्ता येईपर्यंत नुसती सपाट वाळू होती आणि तीसुद्धा नदीचीच. मागून आवाज वाढत होता.

"पळ!" स्टाइनवर म्हणाली.

"तिला हादरे..."

"त्याला माहीत आहे. तू तुझं बघ."

माझा तांबडा चौखूर सुटला. मला दोन्ही हातांनी खोगीर धरावं लागलं. आणि माझ्या शेजारी, त्याच वेगाने, मोल्डी टॉल्टमध्ये चालला होता. त्याचे पाय दिसत नव्हते, नुसती खाली वाळू उडत होती, आणि वर आल्डिस खुर्चीत बसल्यासारखी. तिच्या डोक्यावरचा रुमाल वाऱ्याने हलत होता, त्याच्या चालीने नाही. तिचे डोळे मिटलेले होते. ती जिवंत आहे की नाही हे मला तिच्या मुठींवरून ओळखावं लागत होतं. मूठ आयाळीत आवळलेली होती. मी सगळा वेळ ती मूठ बघत होतो.

रस्त्याच्या बांधावर डॉक्टरांची गाडी होती. तिथून मी मागे बघितलं. आम्ही ज्या वाळूवरून आलो होतो ती दिसत नव्हती. तिथे राखाडी काहीतरी सरकत होतं आणि त्यात बर्फ उभा राहून कोसळत होता.

आल्डिस वाचली. डॉक्टरांनी त्याच दुपारी कापलं. स्टाइनवर मात्र पाणी ओसरेपर्यंत पलीकडेच अडकली. डॉक्टरांच्या बायकोने तिला पाहुण्यांच्या खोलीत बिछाना घातला, ती तबेल्यात मोल्डीशेजारी झोपली. "तुमच्या गादीत माणूस बुडतो," म्हणाली. मी आभार मानायला गेलो तेव्हा ती मोल्डीच्या खुरांत अडकलेली खडी काढत होती. मी तोंड उघडायच्या आत तिने त्याचा एक पाय माझ्या हातात दिला. "धर हा." मी धरला.

पुढे पूल झाला. उद्घाटनाला भाषणं झाली, ती आली नाही. मोल्डी तेव्हा फार म्हातारा झाला होता आणि त्याला एकटं सोडायचं नाही, असं तिने कळवलं. तो गेल्यावर तिने दुसरा घोडा पाळला नाही. नंतर एकदा मी बसमधून दुकानाला जात होतो, ती माझ्या पुढच्या बाकावर होती. बस पुलावर चढली तेव्हा मला काचेत तिचं तोंड दिसलं. डोळे गच्च मिटलेले आणि ओठ हलत होते. पूल संपला तसे थांबले. कदाचित ती पेंगत असेल. पण तेव्हापासून माझ्या मनात यायला लागलं, की त्या दिवशी पाण्यात ती गप्प झाली ते काय होतं? आणि त्याआधीची एवढी वर्षं, दरवेळी उतरताना, तिला काय वाटत असेल?

हे विचारायचंच, असं ठरवून मी गेल्या थंडीत होल्टला गेलो. आल्डिसने रुबार्बचा मुरंबा दिला होता. स्टाइनवर खिडकीपाशी विणत होती. बाहेर वारा सुटला होता. मी टोपी हातात घेऊन बसलो. ती फार बारीक झाली होती. कॉफी झाली. मी दोनदा घसा खाकरला.

"सर्दी झालीय का?" तिने विचारलं.

"नाही."

"आल्डिस कशी आहे?"

"बरी आहे. गुडघे दुखतात."

"दुखणारच. तिला म्हणावं, मुरंब्यात साखर जास्त घालते."

"सांगतो." मी उठलो. पुन्हा बसलो. पुन्हा उठलो. "निघतो मग."

"दार नीट ओढून घे. वाऱ्याने उघडतं."

"ओढतो," मी म्हटलं.