मामांचा हिरवा बादशहा

रोमच्या बादशहांची आमच्या मामांइतकी काळजी वाहणारा माणूस खुद्द रोममध्येही सापडणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो! मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पलटणीतून सुभेदार होऊन कवठे महांकाळला परतले. मदुराईकडे असताना नदीच्या वाळूत सापडलेली मूठभर काशाची नाणी कुणीतरी त्यांना दिली आणि मामा बिघडले ते बिघडलेच. नाणी शर्टाच्या बटणाएवढी. एका बाजूला बादशहाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला निशाणाशेजारी दोन शिपाई. आल्यागेल्याच्या हातात भिंग कोंबून मामा म्हणणार, "डावा गडी बघा, लय ढिला उभा हाय. राज्य बुडंल न्हाई तर काय!" एकदा पाण्याच्या टँकरवाल्याला थांबवून त्यांनी कॉन्स्टंटाइन बादशहाची गादीवर बसलेली तिन्ही पोरं समजावून सांगितली. रोमबद्दल चुकीचं बोललेल्या जावयालाही भर पंगतीत दुरुस्त केलं.

पण जीव एकाच नाण्यात. हिरव्या थराखाली पुसट चेहरा आणि दोनच अक्षरं. हा बादशहा कोण, हे वर्षानुवर्षं कळेना. शेवटी पुण्याचे एक जाणकार सर दसऱ्याला यायला कबूल झाले. मामांना आनंदाने जेवण जाईना!

आदल्या दिवशी खंडेनवमी. घरोघरी हत्यारं पूजेला लागतात. "माजं हत्यार हेच!" म्हणत मामांनी नाण्यांची डबी आत्याच्या हवाली केली आणि झेंडू आणायला गेले. आता पूजेची वस्तू न घासता कोण मांडेल? आत्यानं समई-तांब्यांबरोबर नाणीही चिंच-मीठ लावून लख्ख केली.

मामा परतले आणि झेंडू तिथंच टाकून त्या हिरव्या नाण्याला भिंग लावून बसले. चेहरा, अक्षरं, सगळं थराबरोबर धुऊन गेलेलं.

"आवं, काय झालं? चकाकत्यात की!" आत्या म्हणाली. मी तिला समजावलं, तेव्हा तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी भिंग लावलं. "अरेरे! हे घासलं कुणी?" आत्या दारात पदर तोंडाला लावून उभी.

"कुणी न्हाई सर. वाळूतनं असंच आलंय. पाण्यानं झिजलंय."

मामा, आणि रोमच्या बाबतीत चक्क खोटं! सर नुसतं "असेल" म्हणाले.

सर गेल्यावर मामा ते नाणं बोटानं चाचपत बसले. "कोण हुता कुणास ठाऊक." तेवढ्यात आत्या सोनं द्यायला आली. आपट्याचं पान घेऊन मामांनी ते नाणं तिच्या तळहातावर ठेवलं.

"तुज्या हातनं उजळलाय. आता तूच सांभाळ त्याला."