पाहणीच्या दिवशीचा सोफा

इस्त्रीवाल्या वहिनींनी जन्मात कुणाचं देणं ठेवलं नव्हतं. पण नवऱ्याची कंबर धरली, त्याचं काम सुटलं आणि घरकर्जाचे चार हप्ते थकले. तेव्हा त्या देवासमोर बसून एवढंच म्हणाल्या, की घर तेवढं राहू दे, बाकीचं माझं मी बघते. नेमकं त्याच महिन्यात सरकारनं जाहीर केलं की खरोखर अडलेल्यांचे सहा हप्ते आम्ही भरू, मात्र आधी घरी येऊन पाहणी करू.

पाहणी म्हणजे साहेब घरी येणार. आणि घरी आलेल्या माणसाला फाटक्या सतरंजीवर बसवायचं, हे काही वहिनींच्या रक्तात नव्हतं. त्यांनी समोरच्या दारातल्या थोरल्या जाऊबाईंकडून सोफा आणला, पडदे आणले, सोनेरी काठाच्या कपबशा आणल्या. भिंत भुंडी दिसते म्हणून टीव्हीसुद्धा आणला. जाऊबाईंचे हप्ते थकले होते ते याच वस्तूंपायी, हे सगळ्या जिन्याला माहीत होतं. अर्ज त्यांनीही केला होता, अर्जाला कुठे पैसे पडतात? पण त्यांची पाहणी पुढच्या आठवड्यात होती.

साहेब आले, सोफ्यात रुतले, चहा प्याले. कसं चाललंय म्हणून त्यांनी विचारलं, तर वहिनी सवयीनं बोलून गेल्या, "देवाच्या दयेनं काही कमी नाही."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. मग आलोच आहोत तर उरकून टाकू, म्हणून त्यांनी समोरचं दार वाजवलं. आत रिकाम्या भिंती, आणि जाऊबाई फरशीवर बसून भाजी निवडत होत्या. साहेबांनी म्हणे उंबऱ्यातच उभं राहून शेरा लिहून टाकला.

महिन्याभरानं पत्रं आली. जाऊबाईंना सवलत मंजूर. वहिनींना नामंजूर, वर चैनीला आळा घालण्याचा सल्ला.

जाऊबाई दोन दिवस दार लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी पाकीट घेऊन आल्या.

"माझे हप्ते सरकार भरतंय, तर हे तुझ्या हप्त्याला घे. दर महिन्याला देईन. आणि नको म्हणू नकोस बाई, हातात राहिले तर मी अजून एक सोफा आणीन."

वहिनींनी मान खाली घालून पाकीट घेतलं. सरकारचा पैसा पोचायच्या घरी पोचला, फक्त समोरच्या दारातून आला. तेव्हापासून जाऊबाईंच्या साड्यांना फुकट इस्त्री होते. आणि ते सल्ल्याचं पत्र वहिनींनी नीट इस्त्री फिरवून देवाच्या तसबिरीमागे ठेवलंय.