दुसऱ्याच्या तेलावर

वाद घालायची मला भारी खोड. वर्ध्याला शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं समोरचा गप्प झाला की आपण जिंकलो असंच वाटतं. मोठ्या भावाशीही मी तसाच जिंकलो.

भाऊ आंजीला भाजीपाला पिकवतो. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. त्याच्याजवळ डिझेलचा जुना मालऑटो होता. उजाडायच्या आत तो वर्ध्याच्या बाजारात आपल्या जागेवर हजर असायचा. तिथं जागा कुणाच्या नावावर नसते; जो रोज वेळेवर येतो, त्याची. भावानं ती पंधरा वर्षं राखली होती, अन् त्याचं रोजचं गिऱ्हाईक त्या जागेलाच ओळखायचं.

दिवाळीत ओसरीवर बसलो असताना मी सुरू झालो. "तिकडं कुठं लढाई पेटली का इकडं आपला जीव टांगणीले. किती दिवस दुसऱ्याच्या तेलावर जगायचं? बॅटरीचा ऑटो घे."

"तेल पंपावर भेटते तरी," भाऊ म्हणाला. "विजेच्या लाईनचा काई भरोसा हाय का? रब्बीचं ओलीत सुरू झालं का साऱ्यायच्या विहिरीवरच्या मोटारी चालतात. घरातला पंखाबी फिरत नाई मंग."

"राह्य तू जुन्याच जमान्यात," मी म्हणालो. तो गप्प झाला.

महिन्याभरात त्यानं जुना ऑटो विकून बॅटरीचा आणला. पूजेला केळझरच्या गणपतीला नेला. मी पुढं माझ्या पेट्रोलच्या कारमध्ये. वहिनीनं सहज विचारलं, "भाऊजी, तुमची कवा बदलता?" मी म्हणालो, मले लांब जा लागते ना. लाज कशी वाटली नाही मला, देव जाणे.

ओलीत सुरू झालं अन् भाऊ म्हणाला होता तेच झालं. रात्रभर लावूनही बॅटरी अर्धीच भरायची. एकदा ऑटो अर्ध्या रस्त्यात थांबला, मग रोजच उशीर होऊ लागला. भावानं माझ्याजवळ अवाक्षर काढलं नाही. रविवारी गावी गेलो तेव्हा वहिनीकडून कळलं, तेही "त्यायले म्हणू नका" असं बजावून.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याचा माल माझ्या कारमध्ये घेतला. सांभाराच्या जुड्या ओल्या होत्या. सीट खराब होईल म्हणून मी आधी ताडपत्री अंथरली. भावानं ते पाहिलं अन् तिचं दुमडलेलं टोक सरळ केलं.

बाजारात त्याच्या जागेवर दुसराच बसला होता. भाऊ भांडला नाही. पार टोकाला, नालीजवळ, पोतं अंथरून बसला. एक जुनी गिऱ्हाईक बाई त्याला शोधत आली. "ऑटो कुठी हाय?" तिनं विचारलं.

"चार्जिंगले लावला. माह्या भावानं सांगतला तो, मास्तर हाय. चांगला हाय ऑटो."

मी तिथंच उभा होतो. खरं काय ते सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण हिंमत झाली नाही. बाई गेल्यावर मी म्हणालो, "भाऊ, ओलीत सरेपर्यंत रोज मीच आणून देतो माल."

"नको रे. तुह्या गाडीले पेट्रोल लागते," जुड्यांवर पाणी शिंपडत तो म्हणाला. "किती दिवस दुसऱ्याच्या तेलावर जगायचं?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला माझं म्हणणं खरंच पटलं होतं.