रामटेके सिस्टरचं दिवसाचं नाटक

रामटेके सिस्टर नट निवडताना त्याचा आवाज ऐकत नसत, चालून दाखव असंही म्हणत नसत. त्या त्याचं मनगट धरत, घड्याळाकडे बघत आणि अर्धा मिनिट गप्प राहत. मग निकाल लागे.

माझा निकाल ग्रामपंचायतीच्या पायरीवर लागला. मी कृषी सहाय्यक. चंद्रपूरहून बदली होऊन नागभीडकडच्या त्या गावात धानावरच्या तुडतुड्यांची माहिती द्यायला गेले होते. तुडतुडा कसा उडी मारतो, पानाचा रस कसा ओढतो, हे मी जरा जास्तच अंगविक्षेप करून सांगितलं असावं. सभा संपली तशी पांढऱ्या सुती साडीतली एक उंच, हाडकुळी बाई पुढे आली आणि तिने काही न विचारता माझं मनगट पकडलं. मला वाटलं, मी आजारी दिसतेय.

"बाहात्तर," त्या म्हणाल्या. "तुमी सासू."

"कोणाची?"

"तीन जावयांची. बुधवारी दोन वाजता समाजमंदिरात या. आन जेवून या. उपाशी माणूस घाई करते."

अशी मी गावच्या नाट्यमंडळात शिरले. पुढे कळलं, की सिस्टर याच गावच्या उपकेंद्रात नर्स होत्या, आख्खी नोकरी इथेच झाली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळाची विनोदी नाटकं बसवायला घेतली. कुठे शिकलात म्हणून मी विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे दयेने बघून म्हणाल्या, "शिकाचं काय त्याच्यात? या मंडळातले अर्धे नट माह्या हातावर आले. यायले उलटं धरून रडवलं हाये मी. हसवाले किती वेळ लागते?"

सासऱ्याचं काम करणारे रऊफभाऊ त्यांच्याच हातावर आलेले. गावात त्यांचं टेलरिंगचं दुकान, मिशा झुपकेदार आणि प्रवेश कायम उशिरा. सिस्टरना त्याचं कारण ठाऊक होतं. "बारा तास अडून बसला होता हा. तवाई असाच. सारे वाट पाहून राह्यले आन हा आत आरामात."

"सिस्टर, सबके सामने मत बोलो ना," रऊफभाऊ म्हणत, आणि पुढच्या वेळी पुन्हा उशिरा येत.

बाळंतपणाची भाषा त्यांनी नाटकात तशीच आणली होती. एखाद्याने विनोदी वाक्य घाईने फेकलं, की त्या कोपऱ्यातून म्हणत, "ओढू नको. डोस्कं दिसू दे आधी." म्हणजे वाक्यातला विनोद लोकांना येताना दिसला पाहिजे, मग तो आपोआप बाहेर येतो, नटाने ओढला तर जखम होते. कोणी हशा यायच्या आत पुढचं बोललं तर, "अजून वार पडाची हाये बापा, थांब ना." बाळ आल्यानंतर वारही पडायची असते, हे तिथल्या शेतकरी गड्यांना चटकन समजायचं. मी विज्ञानाची पदवीधर, मला दोन दिवस लागले. हसणं कुठून येतं आणि किती वेळ घेतं, हे इतकं नेमकं सांगणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आमच्या नाटकाचं नाव 'तीन जावई, एक खाट'. एकाच दिवशी तीन जावई न कळवता येतात आणि घरात खाट एकच, एवढंच कथानक. ते मंडईच्या दिवशी व्हायचं होतं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणे येतात, आणि पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत मंडईचं नाटक म्हणजे रात्री सुरू होऊन उजाडता संपणारं. पण आमच्या गावात दोन वर्षं नाटक झालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी चैतात गावातल्या पाच बाया सकाळी मोहफुलं वेचायला जंगलात गेल्या आणि चारच परत आल्या. पाचवी गीता. वाघाने नेली. तेव्हापासून दिवेलागणीनंतर कोणी घराबाहेर थांबत नसे. रात्रीचं नाटक कोण बघणार?

"दिवसा करू," सिस्टर म्हणाल्या.

"दिन में?" रऊफभाऊ हादरले. "दिन में तो लोग अपुन को देखेंगे."

"मंग? नाटक काय लपून कराचं रायते?"

गीताचा नवरा वासुदेव पिठाची चक्की चालवायचा. एकेकाळी तो गावचा पहिल्या नंबरचा विनोदी नट. तो नुसता विंगेतून डोकावला तरी लोक हसायला लागायचे, असं सांगत. गीता गेल्यापासून तो 'हो' आणि 'नाई' याखेरीज बोलत नव्हता, आणि चक्कीच्या आवाजात तेवढंही बोलावं लागत नसे. सिस्टर मला घेऊन त्याच्याकडे गेल्या. त्याला काम करशील का, असं त्यांनी विचारलंच नाही.

"माहे डोळे गेले रे वासुदेवा," त्या चक्कीच्या वर आवाज चढवून म्हणाल्या. "तालमीत वही कोण वाचन?"

वासुदेवने मान हलवली. नाही.

"दुसऱ्यायले वाचता येते. थांबता येत नाई."

त्याने चक्की बंद केली. आम्ही निघालो. मला नागभीडची गाडी पकडून द्यायला त्या फाट्यावर आल्या. तिथे बसलो होतो तर दूर वळणावर धुळीत एसटी दिसली. मी पिशवी उचलली. सिस्टर म्हणाल्या, "बसा. ते ब्रह्मपुरीची हाये." मला तर गाडीचा बोर्डही दिसत नव्हता. गाडी जवळ आली. ब्रह्मपुरीचीच होती. मी सिस्टरकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला.

बुधवारी वासुदेव आला आणि वही घेऊन कडेला बसला.

आमच्याकडच्या नाटकात हा वही वाचणारा, म्हणजे प्रॉम्प्टर, किती मोठा माणूस असतो हे सांगायला हवं. पाठांतराला फुरसत कोणाला? तो एकेक वाक्य आधी हळू वाचतो, नट ते उचलून मोठ्याने म्हणतो. त्याने वाचलं नाही तर रंगमंच मुका. वासुदेव वाचायचा पण एका सुरात, चक्कीचा पट्टा फिरावा तसा. त्यात वाक्य कुठलं आणि कंसातली सूचना कुठली, काही कळायचं नाही. पहिल्याच दिवशी मी सासू होऊन जावयासमोर उभी राहिले आणि जे कानावर आलं ते खणखणीत म्हणाले:

"डोळे पुसत पुसत, या बसा जावईबापू."

समाजमंदिर हसलं. जावई हसला. रऊफभाऊ खाटेवर आडवे झाले. आणि कडेने, वहीच्या मागून, खोकल्यासारखा एक आवाज आला. वासुदेव हसला होता.

सगळ्यांच्या माना तिकडे वळणार इतक्यात सिस्टर हळूच म्हणाल्या, "कोणी पाहू नका तिकडं. पुढचं वाक्य घ्या."

परत जाताना मी त्यांना विचारलं, का बघू दिलं नाही. त्या म्हणाल्या, "लेकरू पयल्यांदा रडलं का नवीन नर्स पोरी धावतेत पाहाले. धावू नाई. त्याले रडू द्याव."

"पण हा तर हसला."

"तेच ते."

त्या दिवसापासून त्यांनी हुकूम काढला: कंस मोठ्याने बोलायचे. धाकटा जावई आत येऊन म्हणू लागला, "रागाने थरथरत, पाणी द्या." रऊफभाऊ लोकांकडे तोंड करून म्हणत, "हळूच, कोणाले आयकू न जाईन असं, खाट माही हाये." नाटक बदलून गेलं. माझी एक चूक घेऊन या बाईने सगळी इमारत नव्याने बांधली, आणि श्रेय मागितलं असतं तर दिलंही असतं; मी मागितलं नाही, कारण ती चूक वासुदेवची होती की माझी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्या प्रवेशात मात्र एक जागा होती. सासरा घाबरून बायकोला बोलावतो. वहीत कंस होता: बायकोला हाक मारतो. मग सासऱ्याचं वाक्य, "अवो, आयकता का?" आणि त्यावर आतून येत सासूचं, म्हणजे माझं: "बोंबलता काऊन? मी काय मेली का?"

वासुदेव तिथे यायचा आणि थांबायचा. मग पान उलटून थेट पुढच्या प्रवेशावर जायचा. त्याने वाचलं नाही म्हणून रऊफभाऊ बोलत नसत, मीही बोलत नसे. पहिल्या दिवशी असं झालं, दुसऱ्या दिवशी झालं, दीड महिना झालं. कोणी ब्र काढला नाही. पण नाटक कसं होईल यापेक्षा वासुदेव ते वाचेल का, याचीच काळजी आम्हा सगळ्यांना लागून राहिली होती.

मला राहवेना. सिस्टरना म्हटलं, "ते वाक्य काढून टाकू."

"काऊन?"

"काऊन ते तुम्हाला माहीत आहे."

"मले माईत हाये. त्यालेई माईत हाये. मंग काढाचं असन तर तोच काढन ना. पेन त्याच्याच खिशात हाये. रोज वही पाहून राह्यली मी. उलटून टाकते, पन खोडलं नाई त्यानं."

मंडईच्या दिवशी साडेअकराला नाटक सुरू झालं. मंडपात न मावलेले लोक छत्र्या उघडून उन्हात बसले होते. प्रत्येकाचा चेहरा आम्हाला स्पष्ट दिसत होता. सिस्टरनी वासुदेवची खुर्ची पडद्याआड न ठेवता रंगमंचाच्या पुढच्या कडेला, सगळ्यांसमोर ठेवली होती. "कंस त्याचे हायेत," त्या म्हणाल्या, "तर त्यालेच दिसू द्या." स्वतः पहिल्या रांगेत बायांमध्ये जाऊन बसल्या. त्या बायांत त्या सकाळी मोहफुलांना गेलेल्या चौघीही होत्या.

दोन प्रवेश झाले. लोक असे हसले की दोनदा मला हातातलं ताट सांभाळता आलं नाही. तिसरा आला. वासुदेवने पान उलटलं आणि थांबला.

मंडप गप्प झाला. गावाला त्या ओळीची बातमी होतीच; तिथे कोणाची कुठली गोष्ट लपते? रऊफभाऊ खाटेचा पाय धरून उभे. मी मागच्या दारात. वाटलं, काहीतरी बोलून ही शांतता बुजवावी. मी तोंड उघडलं आणि माझी नजर सिस्टरवर गेली. त्यांनी मान किंचित हलवली. ओढू नको.

"बायकोला हाक मारतो," वासुदेवने वाचलं.

रऊफभाऊंनी उचललं. "बायकोला हाक मारतो. अवो, आयकता का?"

आता मी. वाक्य मला पाठ होतं, वासुदेवची गरज नव्हती. पण माझ्या तोंडून ते निघेना. समोर त्या चौघी बसलेल्या, पाच हातांवर तो. बाहात्तरची नाडी कुठल्या कुठे गेली. मी नुसती उभी.

वासुदेवने वहीतून मान वर केली. ती नजर मी कधी विसरणार नाही: त्यात दुःख नव्हतं, नटाने वाक्य चुकवलं म्हणून प्रॉम्प्टरला येतो तो साधा वैताग होता. त्याने हळू वाचलं, "मी काय मेली का?"

मी गप्प.

तो पुढे वाकला आणि, बहिऱ्या नटाला सांगतात तसं, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, मी काय मेली का?"

आणि मी, दीड महिन्याच्या सवयीने, कानावर आलं ते सगळं खणखणीत म्हणाले, "मॅडम, मी काय मेली का?"

पहिली हसली ती त्या चौघींपैकीच एक, तोंडावर पदर दाबून. मग रांग, मग मंडप, मग उन्हातल्या छत्र्या. वासुदेवने डोकं वहीवर टेकलं. त्याचे खांदे हलत होते आणि बराच वेळ कोणाला कळेना, की तो हसतो आहे की रडतो आहे. नाटक थांबलं. रऊफभाऊ त्याच्याकडे जायला निघाले तर सिस्टरनी बसल्या जागेवरून हाताने त्यांना थांबवलं. कोणी गेलं नाही. मग त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं, बोट ठेवून ओळ शोधली, आणि वाचलं, "मोठा जावई खाटेखालून बाहेर येतो."

ऊन उतरायच्या आत नाटक संपलं. वासुदेव लोकांबरोबर बोलत बोलत घरी गेला. काय बोलत होता ते मी मुद्दाम ऐकलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सिस्टर गडचांदूरला मुलाकडे राहायला गेल्या. तो तिथे सिमेंट कारखान्यात आहे. मी फाट्यावर त्यांना पोचवायला गेले होते. किती महिने मनात होतं ते शेवटी विचारलं.

"सिस्टर, त्या दिवशी त्याने ते वाचलं नसतं तर?"

"तर पुढच्या मंडईले पुन्हा हेच नाटक लावलं असतं."

"आणि तेव्हाही नसतं वाचलं तर?"

"मंग त्याच्या पुढच्या."

त्यांचं वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. गाडी आली. त्यांनी माझा हात बाजूला केला, दांडा धरला आणि एक पाय पायरीवर ठेवला.

"मावशी, जरा लवकर चढा ना," आतून कंडक्टर म्हणाला.

"चढूनच राह्यली ना बापा," सिस्टर म्हणाल्या, आणि दुसरा पाय त्यांनी त्यांच्याच वेळाने वर घेतला.