खाली आहे ना?

इकडे आखातात, शुऐबातल्या आमच्या कारखान्याच्या गेटवर खिशात साधा लायटर सापडला तरी माणसाला परत पाठवतात, आणि पाठवणारा मीच असतो. सेफ्टी सुपरवायझर. असा मी गेल्या वर्षी दोन महिने, दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी, महबूलातल्या खोलीत पलंगावर मांडी घालून फोनवर प्रवचन देत होतो. विषय होता, रोज कमरेला लावायला रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल.

ऐकणारे होते माझे दाजी, धाकट्या बहिणीचे यजमान. साताऱ्याकडे त्यांचा खडीचा क्रशर आहे. जमिनीच्या वादातून धमक्या यायला लागल्या तेव्हा त्यांनी परवाना काढला आणि वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर रीतसर आपल्या नावावर करून घेतलं. मन मात्र नव्या पिस्तुलावर होतं.

"पाव्हणं, तुमी आर्मीत वीस वर्सं हत्यारं दुरुस्त केली," ते म्हणाले. "तुमीच सांगा, जुनं ठिवू का नवं घिऊ?"

मी हुरळलो, दुसरं काय. फौजेतून आर्मरर म्हणून निवृत्त झाल्यापासून मला हत्यारातलं कुणी काही विचारलं नव्हतं. कारखान्यात मी बोलायला उभा राहिलो की लोक जांभया देतात. दाजी मात्र वही-पेन घेऊन बसायचे.

मीही हातचं राखलं नाही. पिस्तूल चपटं, शर्टाखाली दिसत नाही, त्याला सेफ्टीचा खटका असतो. पण त्याला देखभाल लागते. मॅगझिनची स्प्रिंग थकते, खडीची धूळ आत गेली की अडकतं, पोटाशी घामाने गंज धरतो. रिव्हॉल्व्हर जाड आणि बोजड, पण दुर्लक्ष सोसतं. वडील गेले तरी ते चालू आहे, यातच काय ते आलं. सुरक्षिततेचं विचाराल तर कमरेला लावलेलं हत्यार वापरायची वेळ बहुतेकांवर जन्मात येत नाही. माणूस वाकतो, गाडीत बसतो, अंघोळीला जाताना ते काढून ठेवतो. त्या सगळ्या वेळात ते गप्प राहिलं पाहिजे. हे मी फार छान समजावून सांगितलं. आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही. बदलायचा असेल तर त्यानंतरचा एकच शब्द बदलेन.

तो शब्द म्हणजे 'खाली'. फौजेत हत्यार हातात आलं की सुरुवातीलाच जे हुकूम शिकवतात त्यातला एक, 'खाली कर'. म्हणजे गोळ्या काढ, रिकामं कर. इथे कारखान्यात टाकीत माणूस उतरवायच्या आधी मी दिवसातून वीस वेळा विचारतो, "खाली है?" बिहारी, नेपाळी, बंगाली, सगळ्यांशी बोलायचं ते हिंदीतच. इतक्या वर्षांत 'रिकामं' हा शब्द माझ्या जिभेवरून कधी पुसला गेला ते मला कळलंच नाही. आमच्या गावात मात्र खाली म्हणजे खाली. वरच्या उलट.

त्या शुक्रवारी दाजींनी व्हिडिओ लावून फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. आतल्या खोलीतून ते रिव्हॉल्व्हर घेऊन आले. मी आधी त्यांना दहा मिनिटं ते धरायचं कसं यावर झापलं. "नळी कायम खाली. समोर माणूस असो नसो, नळी जमिनीकडं." त्यांनी मान डोलावली. मग मला चाप तपासायची हुक्की आली. असल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला खटका नसतो, जड चाप हीच त्याची सेफ्टी. तो झिजून हलका झाला असेल तर ते कमरेला लावण्यात अर्थ नाही, असं मी म्हणालो.

"खाली आहे ना?" मी विचारलं.

"खालीच हाय की."

"मग ओढा चाप. आवाज ऐकू दे मला."

आवाज ऐकू आला. फोन पालथा पडला आणि त्यानंतर मला फक्त बहिणीचं ओरडणं ऐकू येत राहिलं.

ती माझ्याशी बोलायला म्हणून स्वयंपाकघरातून येत होती. गोळी शहाबादी फरशीवर आपटली आणि तिचा तुकडा बहिणीच्या उजव्या घोट्यात शिरला. ऑपरेशन झालं, पाय वाचला, पण घोटा आता वाकत नाही. माझी बहीण शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तरुणपणी जिल्ह्याकडून खो-खो खेळली, नंतर शाळेत मुलींचा संघ उभा केला. पाठीवर थाप पडताच उठून पळायचं कसं, हे ती स्वतः बसून, उठून, पळून दाखवायची. आता मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून शिट्टी वाजवते.

पोलिसांना दाजींनी सांगितलं, साफ करताना सुटलं. परवाना गेला, रिव्हॉल्व्हर जमा झालं. माझं नाव कुठेच आलं नाही. दोन दिवसांनी मी त्यांना फोन केला, 'खाली'चा घोळ उलगडला, बहिणीला सांगतो म्हणालो, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आई-अण्णा गेल्यावर तिला तुमच्याशिवाय म्हायेर न्हाई." मी राहू दिलं. इतक्या सहज राहू दिलं, की आठवलं तरी मला स्वतःची किळस येते.

बहिणीने दारात येता येता माझा प्रश्न ऐकला होता. फौजीची बहीण ती, तिला त्याचा अर्थ बरोबर कळला. पुढचं मात्र कुकरच्या शिट्टीत बुडालं. त्यामुळे भेटायला येईल त्याला ती सांगायची, "दादानं विचारलं होतं, रिकामं आहे का म्हणून. तरी यांनी बघितलं नाही." दवाखान्यातून घरी आल्यावर तिने दाजींसमोर फोन धरला. "दादा, तूच बोल आता यांना."

आणि मी बोललो. "हत्यार म्हणजे खेळणं वाटलं का दाजी? उघडून बघता येत नव्हतं?" हे मी म्हणालो. रंगरुटांच्या हत्यारात स्वतःची करंगळी घालून बघितल्याशिवाय मी कधी कुणाच्या तोंडी उत्तरावर विश्वास ठेवला नव्हता, टाकीत गॅसचा मीटर सोडल्याशिवाय इथे कुणाला उतरू दिलं नव्हतं. तोच मी, फोनवरच्या दोन शब्दांवर चाप ओढायला सांगणारा. दाजींनी क्षणभर फोनमध्ये सरळ माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलतो का, याची वाट पाहत असावेत. मग म्हणाले, "चुकलं, पाव्हणं."

तेव्हापासून बहिणीने त्यांना 'अहो' म्हणणं सोडलं. जेवण वाढलंय, वीजवाला आलाय, हे ती भिंतीला सांगायची. दर शुक्रवारी फोनवर मला ते ऐकू यायचं, आणि मी विषय हवापाण्यावर न्यायचो.

गेल्या महिन्यात एका बंगाली फिटरने टाकी न बघताच "खाली है, साब" म्हटलं. बघितलं तर तळाला गुडघाभर पाणी. मी त्याच्यावर चढलो. "आँख से देखा था?" तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला दाजी आठवले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

मी बहिणीला सगळं सांगितलं. खालीचे दोन अर्थ सांगितले, चाप ओढा म्हणालो तेही सांगितलं. रडू येत होतं, पण रडलो नाही, कारण मग तिने मलाच समजावलं असतं.

शब्दाबद्दल तिने काही विचारलं नाही. पायाबद्दलही नाही.

"मग माझ्यासमोर त्यांना रागावलास का?" ती म्हणाली.

तिने फोन बंद केला नाही, तसाच टेबलावर ठेवला. मला छताचा पंखा दिसत होता आणि तिची पावलं ऐकू येत होती, एक नेहमीचं, एक ओढलेलं. ती ओसरीपर्यंत गेली. दाजी या वेळेला तिथेच बसतात.

"अहो," ती म्हणाली.