मळीवरचा दोर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नव्यानं शोध लावायला नको. शाळेत मुलं मला घाबरतात. स्टाफरूममधले लोक माझ्याशी गोड बोलतात, पण ते माझ्या डब्यातल्या भरल्या वांग्यांसाठी. ती वांगी कृष्णाकाठच्या मळीतली. सांगलीच्या वरच्या अंगाला, अगदी नदीला लागून आमची जमीन आहे. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी मळीवर चढतं, मुक्काम करतं आणि जाताना काळाभोर मऊ गाळ मागं ठेवतं. त्या गाळातल्या वांग्याची चव दुसरीकडच्या वांग्याला येत नाही. येते म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याकडं जेवायला यावं.

पण गाळाबरोबर बांधही जातो. दगड रोवले तर ते रुतून बसतात, लोखंडी खांब रोवले तर ते वाहून तरी जातात नाहीतर चोरीला तरी. म्हणून पाणी ओसरलं की कुणाचं कुठवर हे पुन्हा मोजायचं. वडिलांनी मळीचे दोन वाटे केले होते, म्हसोबाच्या बाजूचा माझा आणि पलीकडचा धाकट्या भावाचा. लेकीला मळी दिली म्हणून गावानं त्यांना नावं ठेवली. त्यांनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. मोजणीची रीतही त्यांनीच घालून दिली. उंचवट्यावरच्या म्हसोबाला पूर कधी हलवत नाही, तेव्हा सुरुवात तिथून करायची. घायपाताच्या एकाच दोरानं मोजायचं. थोरली म्हणून आधी माझे पाच दोर भरायचे, उरलेलं सगळं भावाचं. एकानं मागचं टोक पायाखाली धरायचं, दुसऱ्यानं पुढं जाऊन दोर ताणायचा आणि ओरडून विचारायचं, "भरला?" मागच्यानं "भरला" म्हटल्याशिवाय खुंटी ठोकायची नाही.

मागचं टोक कायम माझ्याकडं असायचं. वडील गेल्यावरही आम्ही दोघं असंच मोजत राहिलो. गावात भावाभावांच्या हद्दींचे दावे पडले, सरकारी मोजणीदार साखळ्या घेऊन आले, लोकांची तोंडं एकमेकांना बंद झाली. आमच्या मळीत मोजणीदाराचं पाऊल पडलं नाही. मला त्याचा फार तोरा होता.

शाळेत मी इतिहास शिकवते. जुन्या इजिप्तचा धडा आला की माझ्या अंगात येतं, कारण तो मला आमच्याच मळीचा धडा वाटतो. तिथंही नदी दरसाल चढायची, गाळ टाकायची, बांध पुसायची आणि मग दोर घेतलेली माणसं येऊन शेतं पुन्हा आखून द्यायची. शेतकरी बैलांनी नांगरायचा, गाळात बी फेकायचा, ते तुडवायला जनावरं सोडायचा. मला तर ती सगळी माणसं पलूसच्या बाजारात भेटल्यासारखी वाटतात.

एका वर्षी मोजणीच्या आदल्या संध्याकाळी भावाकडं जेवायला बसले होते, तेव्हा मी हे सगळं त्याला रंगवून सांगितलं. दोर ओला झाला की आखडतो, मग माप चुकतं, म्हणून ते लोक म्हणे दोराला मेण चोळायचे. मेल्यावर तिथल्या माणसाला देवापुढं उभं राहून सांगावं लागायचं की मी दुसऱ्याच्या शेताचं माप कमी केलं नाही, हेही सांगितलं. भाऊ भाकरी मोडत म्हणाला, "मेल्यावर सांगायचं आसंल तर आत्ताच कशाला घाई?" आम्ही सगळे हसलो. सगळ्यात जास्त मीच हसले.

त्यानंतरच्या पुरांनंतर माझ्या वाट्यातल्या वांग्याच्या सऱ्या कमी भरू लागल्या. माझी पाटीभर वांगी कमी झाली तरी मला कळतं, मग सरी कमी झालेली कळणार नाही का? पण माझा संशय गेला नदीवर. काठ ढासळला असेल, नदीनं माझा तुकडा खाल्ला असेल. मी भावाला तसं म्हटलंही. तो शांतपणे म्हणाला, "नदी कुणाचं ऐकती व्हय, आक्का." बिचारी कृष्णा! तिला मी काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही.

मग गेल्या हिवाळ्यात तो धडा पुन्हा आला. मुलांना खराखुरा दोर दाखवावा म्हणून मी भावाच्या माळ्यावरचा आमचा दोर मागून नेला. मैदानात खो-खोच्या दोन खांबांमध्ये तो ताणून धरायला लावला. दोर या खांबापासून त्या खांबापर्यंत पोचला, वर चांगला हातभर उरला. मग बादलीत बुडवून ठेवला, मधल्या सुट्टीनंतर काढला आणि पुन्हा ताणायला सांगितला. दोर पलीकडच्या खांबापर्यंत पोचेना. मुलं ओढतायत, ओरडतायत, टाळ्या पिटतायत. प्रयोग झकास झाला होता.

आणि मी रिकामी बादली हातात धरून तशीच उभी राहिले. कारण मळीवर मोजताना तो दोर अलीकडं दर खेपेला माझ्या पायाखाली थंड लागायचा. थंड, ओला, ठिबकणारा. मी एकदा विचारलंही होतं, तर भाऊ म्हणाला होता, माळ्यावर धूळ बसते, म्हणून धुऊन आणला. बहिणीच्या पायाला धूळ लागू नये म्हणून दोर धुणारा भाऊ! मला तेव्हा भरून आलं होतं.

तरी मन मानत नव्हतं. दोर परत दिला आणि कुणाला काही बोलले नाही. या खेपेचा पूर ओसरला, मोजणीचा दिवस ठरला, तेव्हा न कळवता सकाळी लवकर भावाच्या दारात गेले. दोर माळ्यावर नव्हता. तो जनावरांच्या हौदात होता आणि वर तरंगू नये म्हणून त्यावर दगड ठेवला होता. तो दगड नसता तर मी अजूनही त्याची बाजू घेतली असती. धुवायला दगड लागत नाही.

भावजय चुलीपुढं होती. तिनं मला हौदाशी बघितलं आणि मान खाली घातली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. भाऊ गोठ्यातून आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "कवापासनं?"

"तूच सांगितलं हुतंस की, आक्का," तो म्हणाला. वर नजर न करता पुढं म्हणाला, "तुला पगार हाय. दोन सऱ्यांनी तुजं काय अडतंय?"

मागितल्या असत्या तर दोन सऱ्या मी दिल्या असत्या, आणि चार वांगी वर दिली असती. ते मी त्याला सांगितलं नाही. मला सऱ्यांचं दुःख नव्हतंच. दर खेपेला "भरला" म्हणणारी मी होते. त्यानं माझ्याच तोंडून माझा वाटा कमी करून घेतला होता, आणि तोही माझ्याच धड्यानं.

मी दोर हौदातून काढला, त्यांच्या अंगणात उन्हात पसरला आणि तो वाळेपर्यंत पायरीवर बसून राहिले. भावजयीनं चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली, मी घेतला नाही. ऊन कलल्यावर आम्ही मळीवर गेलो. पाचवी खुंटी भावानं आपला वाटा समजून साफ केलेल्या गाळात पडली. त्यानं ती मुकाट ठोकली.

दोर मी घरी आणला. बाजारातून मेण आणलं, वितळवलं आणि वीत वीत करत सगळा दोर चोळून काढला. बोटं पोळली. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की ते लोक हुशार होते, त्यांना पाण्याचा गुण माहीत होता. आता धडा वेगळा शिकवावा लागेल. पाणी काही आपण होऊन दोराला आखडवत नाही, कुणीतरी त्यावर दगड ठेवावा लागतो. त्या लोकांनी मेण लावलं, म्हणजे त्यांनाही भाऊ असणार.

परतीच्या पावसात नदी पुन्हा मळीवर येऊन गेली. आम्ही पुन्हा मोजलं. भावानं पुढं जाऊन दोर ताणला आणि नेहमीसारखा ओरडला, "भरला?" मी माझं टोक म्हसोबापाशी खुंटीला बांधलं. गाळातून चालत त्याच्यापर्यंत गेले, त्याच्या मुठीतलं टोक बघितलं आणि त्याच्या तोंडासमोर उभी राहून म्हणाले, "भरला."