चाचांचे दोन सूर

मी माईक हातात घेतला की चाचा कीबोर्डवर सा, ग आणि प हे तीन सूर एकदम दाबून बघायचे आणि मग मधला गंधार हळूच सोडून द्यायचे. "ताई, भरल्या घरात पाहुना कुठं बसल?" हे वर ठरलेलं.

नांदेडच्या आमच्या भीमगीतांच्या पार्टीत ते कीबोर्डवर होते. दिवसा शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. ढोलकीवाला चिडवायचा, "चाचाचं एक बोट सुट्टीवर हाय." चाचा हसून चहा प्यायचे. मला वाटायचं, वय झालंय बिचाऱ्यांचं.

माझं तेव्हा नुकतंच गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यात नर्सची नोकरी होती, पण गाणं गेलं असतं तर मी जगले नसते, असं मला खरंच वाटायचं. हिमायतनगरच्या कार्यक्रमात भीत भीत पुन्हा उभी राहिले. टाळ्या पडल्या आणि मी हवेत गेले. कोरसच्या पोरींना "सुरात या गं" म्हणून झापायलाही लागले. आता बोला!

चार वर्षांनी चाचा थकले आणि लेकीकडे लातूरला गेले. नवा वादक तिन्ही सूर वाजवायचा. पहिल्याच तालमीत तो थांबला. "ताई, तुमचा गंधार उतरून राहिला."

"तुझा कीबोर्ड तपास आधी," मी म्हटलं.

घरी येऊन मोबाईलवर तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं. गंधार खरंच खाली होता. शेजारी नेमका सूर वाजला की खोट उघडी पडते. तो काढून घेतला की कुणाला कळत नाही. मी तडक चाचांना फोन लावला.

"कधीपासून माहीत होतं?"

"हिमायतनगरपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमी गानं सोडलं असतं. लई भ्याल्या होत्या."

मला संताप आला आणि रडूही आलं. या माणसाने मला चार वर्षं सांभाळलं होतं, आणि फसवलंही होतं.

"आता भीती गेली ना? मग गा," म्हणाले. तिकडे पेटीवर त्यांनी तिन्ही सूर धरले. मी गायले.

"खाली हाय. पुन्हा."

मग दर रविवारी दुपारी हेच. एवढा मऊ माणूस, पण फोनवर काडीची दया करायचा नाही.

एका रविवारी लेकीने फोन उचलला. "अब्बांची वाचा गेली, ताई. पन ऐकू येतंय. तुमी गा, मी कानाला लावते."

पलीकडे पेटी नव्हती. मी गायला लागले. गंधारापाशी आले आणि माझं मलाच कळलं, खाली आहे. थांबले. डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.